एकच लाल पेन

‘लहान मुलांचं लेखन कसं सुधारावं’ यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. तेव्हापासून बुलढाण्यातल्या मोताळ्याकडच्या दुसरीतल्या एका मुलीची वही माझ्या डोक्यातून जात नाही. तिनं लिहिलं होतं : ‘आमच्या बकरीले अगनात दोन पिल्लं झाले. एक कायं हाये. बापानं मोबाईलचा ऊजेड धरला. माय मने दुर बस.’

या चार वाक्यांवर ठिकठिकाणी लाल गोल आणि खाली ‘शुद्ध लिही’ असा शेरा. पुढचं पान ‘माझी शाळा’चं. ‘माझी शाळा छान आहे. मला शाळा आवडते.’ यात एकही चूक नाही, पण सांगण्यासारखंही काही नाही. जे शब्द नक्की येतात तेवढेच वापरायचे, हे ती शिकली होती.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी हेच पुन्हा पुन्हा सांगते : त्या गोलांमध्ये तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

‘बकरीले’, ‘कायं’, ‘मने’ या चुका नव्हेतच, ती तिच्या घरची बोली आहे. मोताळ्याकडे, घाटाखाली अनेक घरांत ‘ळ’चा ‘य’ होतो. पोरीनं जे ऐकलं ते अचूक उतरवलं.

‘ऊजेड’ आणि ‘दुर’ यांचं तसं नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपल्या रोजच्या बोलण्यात जवळजवळ उरलेला नाही, त्यामुळे इथे कान मदतीला येत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे १४ नियम आणि १९७२चे ४ मोठ्यांनाही पाठ नसतात. अशी रूपं छापील मजकूर पुन्हा पुन्हा पाहूनच डोळ्यांत बसतात. त्यावर गोल नको, वर्गात गोष्टींची पुस्तकं हवीत.

‘अगनात’पाशी मात्र थांबावंच लागतं. ‘ण’चा ‘न’ हा बोलीचा, पण अनुस्वार कुठे गेला? ‘अंगण’मधला तो नाकातला आवाज ‘ग’च्याच जागी, ‘ग’ला चिकटून निघतो. मुलाला तो सुटा ऐकूच येत नाही, ‘अ’चाच रंग वाटतो. भाषेचे अभ्यासक चार्ल्स रीड यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या, शाळेत न गेलेल्या मुलांचं लेखन तपासलं, तर तीही व्यंजनाआधीचा अनुनासिक आवाज असाच गाळत होती. म्हणजे हा निष्काळजीपणा नव्हे, आवाज सुटे करायला शिकण्यातला एक टप्पा आहे. नाक चिमटीत धरून आधी ‘अग’ आणि मग ‘अंग’ म्हणायला लावा. दुसऱ्या वेळी आवाज नाकात अडतो, हे मुलाला लगेच जाणवतं. मग टिंब कशासाठी हे वेगळं समजवावं लागत नाही.

पालक भेटले की विचारतात, ‘मॅडम, अक्षर कवा सुधरंल?’ धड्यातल्या दहा ओळी वळणदार उतरवल्या की लेखन आलं, ही समजूत काही केल्या हटत नाही. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची ‘असर’ ही पाहणी मुख्यतः वाचन आणि गणित तपासते, त्यामुळे गावात चर्चा होते तीही त्यांचीच. २०२१च्या ‘निपुण भारत’ या पायाभूत साक्षरतेच्या अभियानात लेखन आहे, पण वर्गात ते बहुतेकदा फळ्यावरून उतरवून घेण्यापुरतंच उरतं. म्हणून निबंधात सगळ्या वर्गाची गाय एकसारखी पाळीव, एकसारखी उपयुक्त.

फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी मुळाक्षरांचा क्रम सोडून अक्षरांचे छोटे गट घेतले, म्हणजे मूल लवकर स्वतःचे शब्द घडवू लागतं. आधी सांगू द्या, चित्र काढू द्या, मग लिहू द्या. लिहून झालं की पहिला प्रश्न बकरीबद्दल विचारा : दुसरं पिल्लू कोणत्या रंगाचं? ती उत्तर लिहील, म्हणजे पाचवं वाक्य होईल. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, आणि एका वेळी एकाच गोष्टीची.

शिक्षक विचारतात, ‘पुढे पेपर तपासणारे बोली चालवून घेतील का?’ नाही घेणार. म्हणून तिसरीत दिवाळीच्या सुट्टीनंतर भिंतीवर दोन रकाने करावेत : घरी म्हणतो ‘कायं’, पुस्तकात लिहितो ‘काळं’. यादी मुलांनीच वाढवायची. हे याहून आधी सुरू करावं असं काही अनुभवी शिक्षक म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता आलेलं नाही. पण दुसरीत त्या मुलीच्या हातून ‘बकरीले’ काढून घेणं मला मान्य नाही.