आठ दिवसांची तयारी

डेहराडूनहून मसुरीपर्यंत सायकलने येण्याचे वचन आम्ही कचेरीतल्या तरुण मंडळींना देऊन बसलो, आणि हाती उरले अवघे आठ दिवस! अंतर सुमारे ३५ किलोमीटर. चढ मात्र साडेतेराशे मीटरांच्या घरातला. पहिले चार दिवस राजपूर रस्त्याच्या चढावर आम्ही इतके झिजलो की पाचव्या दिवशी घरचा जिना उतरवेना. तेव्हा उमगले, आठ दिवसांत नवे बळ येत नाही. असलेले राखता येते. मग स्वस्थ विश्रांती घेतली, ब्रेकचे रबर बदलले, मागे जास्त दात्यांचे चक्र बसविले आणि पहिला तास मुद्दाम रेंगाळायचे ठरविले. रविवारी सर्वांच्या शेवटी पोहोचलो खरे. पण निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना आम्ही वाटेत कोठेही पायउतार झालो नाही!