भवानी पेठ ते चैत्यभूमी : गिअरच्या दातांचा हिशेब

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या माग कामगाराला दातेरी चाकाचे महत्त्व सांगावे लागत नाही. मागावर विणलेले कापड गुंडाळणाऱ्या यंत्रणेतले एक चाक बदलले की इंचात बसणारे आडवे धागे कमी-जास्त होतात, चादर घट्ट किंवा विरळ उतरते. मोटारीच्या गिअरबॉक्सचे गणितही याच जातीचे आहे. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनाला जुन्या गाडीतून दादरला जाणाऱ्या कुटुंबांनी ते समजून घ्यावे.

मॅटाडोर ही पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सची गाडी. तिचे उत्पादन कधीच थांबले, पण काहींनी ती अजून जपली आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळत असल्याने मागचा तळ खाली राहतो आणि म्हाताऱ्या माणसांना चढ-उतार सोपी जाते. अडचण येते ती मोठ्या रस्त्यावर.

पेठेतून निघून मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असा पुण्यापर्यंतचा रस्ता सुमारे अडीचशे किलोमीटरचा. तो आता चौपदरी आहे आणि बहुतांशी सपाट. चार गिअरची जुनी गाडी इथे ऐंशीच्या वेगाने नेली की इंजिन ओरडू लागते. लेकरे झोपत नाहीत, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही.

असे का होते? हिशेबाला सोपे आकडे घेऊ. चाकाचा घेर दोन मीटर. गाडी ताशी ८० किलोमीटर धावते तेव्हा चाक मिनिटाला सुमारे ६६७ फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण पाचास एक आणि वरचा गिअर सरळ असेल, तर इंजिनाला मिनिटाला सुमारे ३,३०० फेरे घ्यावे लागतात. ते २,७०० वर आले तर आवाज आणि थरथर दोन्ही उतरतात.

त्याला दोन वाटा आहेत. पहिली, डिफरन्शियलचे दाते बदलून प्रमाण चारास एक करणे. पण मग सगळेच गिअर लांब होतात आणि पहिल्या गिअरची ओढ पाचव्या हिश्श्याने घटते. क्लच जळतो तो अशाच वेळी, भरल्या गाडीने चढावर उठताना. वेगाच्या मीटरची केबल डिफरन्शियलच्या आधीच्या शाफ्टवरून येत असेल तर आणखी एक धोका : मीटर ८० दाखवते आणि गाडी १०० ने धावते.

दुसरी वाट, त्या गाडीला नीट बसणारा पाच गिअरचा गिअरबॉक्स मिळाल्यास तो घालणे. पाचव्याचे प्रमाण ०.८ आणि खालचे चार पूर्वीसारखेच असले की सपाटीला आराम मिळतो आणि चढाची ताकदही शाबूत राहते. मेकॅनिकला "टॉप स्पीड किती वाढेल?" असे विचारू नये. "प्रत्येक गिअरचे प्रमाण किती आणि डिफरन्शियलचे किती?" असे विचारावे. वर्गणीचा पैसा आहे, उत्तर कागदावर घ्यावे.

खरी परीक्षा खंडाळ्याच्या घाटात. खोपोलीपर्यंत गाडी सुमारे पाचशे मीटर खाली उतरते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणे म्हणजे घरच्या माणसांचा जीव टांगणीला लावणे. घाटाच्या तोंडाशीच खालचा गिअर टाकावा, इंजिनच गाडी आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. परतीला हाच घाट भरल्या गाडीने चढायचा असतो, तिथे पाचवा कामाचा नाही.

सोण नावाचा भिक्खू अतिश्रमाने थकला, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. गिअर निवडताना हाच मध्यम मार्ग धरावा. दादरला दोन तास उशिरा पोहोचलो तरी चालेल, पण आजीपासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळी सुखरूप पेठेत परतली पाहिजेत.