खोडलेला जिना

सत्र संपलं की माझ्या टेबलावर चाळीस पोर्टफोलिओ येऊन पडतात. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाचे, जाडजूड, कडा चुरगळलेले. पूर्वी मी आधी शेवटची शीट उघडायचो. रेंडरिंग देखणं असलं की हात आपसूक सत्तरच्या पुढे जायचा. आता सुरुवात मधल्या बटर पेपरच्या चळतीपासून करतो.

एका मुलीच्या फाइलीत एकच जिना सहा वेळा काढलेला सापडला. विषय होता वृद्धांसाठी वाचनालय. पहिल्या कागदावर पुस्तकी हिशेब: मजल्याची उंची ३००० मिमी, १५० चे वीस रायझर. दुसऱ्यावर तिच्या लक्षात आलं, की आत जायची वाट नेमकी मधल्या लँडिंगखालून जातेय आणि तिथे उरतात जेमतेम दीड मीटर. तिसऱ्याच्या कोपऱ्यात आजीच्या घरातल्या जिन्याचं माप, पायरी चांगली नऊ इंच उंच, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘आजी इथे थांबते’. शेवटच्या शीटवर यातलं काहीच नव्हतं. साधा, बरा जिना. नुसती ती पाहून मी पंचावन्नावर भागवलं असतं.

म्हणून मग ‘प्रक्रियेला’ वीस गुण ठेवले. फसलो. पुढच्या वर्षी सगळ्यांकडे कच्ची रेखाटनं निघाली, एकाच रात्रीत, पक्क्या ड्रॉइंगवर बटर पेपर ठेवून गिरवलेली. एकावर तर चहाचा डागही होता, तोही बेतानं पाडलेला. मनोगतात सगळ्यांना ‘खूप काही शिकायला मिळालं’ होतं. पोरांचा काय दोष? गुण जिकडे, पेन तिकडे.

अमेरिकेत स्टोनी ब्रूक विद्यापीठात पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ यांनी १९८० च्या दशकात लेखनाच्या एकाच परीक्षेऐवजी पोर्टफोलिओ आणला, तेव्हा सुधारून सुधारून लिहिलेल्या लेखांसोबत वर्गात बसून लिहिलेला एक मजकूरही मागितला होता. ती युक्ती मी सरळ उचलली. दर शुक्रवारी स्टुडिओतच, दोन तासांत एक बटर पेपर. त्यावर तारीख आणि माझी सही. सहकाऱ्यांना ही कटकट वाटते. आहेच. एवढ्या फाइली नीट बघायला दोन दिवस लागतात, बाहेरचे परीक्षक येतात एका दिवसापुरते.

यंदाच्या जूरीत परीक्षक भराभर पानं उलटत होते. एका मुलाच्या शुक्रवारच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं.

“ही भिंत का खोडली?”

तो बराच वेळ कागदाकडेच बघत राहिला. “सर, दुपारचं ऊन सगळं तिथूनच येत होतं. आधी कळलंच नाही.”

परीक्षकांनी चष्मा सारखा केला, खुर्ची पुढे ओढली. “मग?”