काडतुसे मोजणारा माणूस

विश्रांतवाडीतल्या आमच्या घरापासून दक्षिणेला येरवड्याचे कारागृह आहे आणि पश्चिमेला, मुळा नदीपलीकडे, खडकीचा दारूगोळा कारखाना. दामोदर चाफेकरांना १८९८ साली त्या कारागृहात फाशी दिले गेले. गांधीजींनी तिथे अनेक महिने काढले. खडकीचा कारखाना १८६९चा. माझे आजोबा तिथे कामाला होते. निवृत्तीनंतर विश्रांतवाडीत जागा घेऊन त्यांनी तीन खोल्या बांधल्या. मी वाढले ती तिथेच.

१९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, शाळेत निबंधाचा विषय होता : ‘माझे आजोबा आणि स्वातंत्र्यलढा’. वर्गातल्या प्रत्येकीचे आजोबा लढ्यात होते असे गुरुजींनी गृहीतच धरले होते. मीही लिहून टाकले की, बेचाळीसच्या आंदोलनात आजोबा भूमिगत होते. निबंधाला बक्षीस मिळाले. वही आजोबांनी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “असं लिहू नये बाळ. आम्ही काडतुसं मोजत होतो.” एवढेच. पुढे ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. त्या बक्षिसाची लाज मात्र मला कितीतरी वर्षे पुरली.

हे सारे आठवण्याचे कारण एक कोरियन कुटुंब. मिन जिन ली यांची ‘पाचिंको’ (२०१७) ही कादंबरी मी निवृत्तीनंतर वाचली. जपानने १९१० साली कोरिया खालसा केला, त्या काळापासून ती एका कुटुंबाच्या चार पिढ्यांची कथा सांगते. तिच्यात राजा नाही, सेनापती नाही. बुसानजवळच्या एका बेटावर खाणावळवजा घर चालवणारी एक विधवा आहे आणि तिची मुलगी सुंजा. मुलीच्या लग्नाच्या दिवशी नवपरिणितांना मूठभर पांढरा भात वाढता यावा, म्हणून ती आई वाण्याकडे जाते. तांदूळ त्यांच्याच देशात पिकतो, पण चांगला तांदूळ जपानी गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेला. परकी सत्ता म्हणजे काय, हे त्या दुकानात उभ्या राहिलेल्या बाईकडे पाहून जेवढे कळते, तेवढे जाहीरनाम्यांतून कळत नाही. याच कादंबरीतला हान्सू हा कोरियन असूनही सत्तेच्या सावलीत गबर झालेला माणूस. लेखिका त्याला खलनायक करून मोकळी होत नाही. त्याच्याच मदतीने सुंजाचे कुटुंब युद्धातून तगते आणि त्या उपकाराचे ओझेही वाहते.

तिच्या आधी पाक क्योंग-नी यांनी हाच काळ ‘तोजी’ (म्हणजे भूमी) या महाकादंबरीत मांडला. १९६९ ते १९९४ अशी पंचवीस वर्षे त्या ही एकच कादंबरी लिहीत होत्या. ती सुरू होते १८९७च्या सुगीच्या सणाला, एका खेड्यात. पुण्याच्या वाचकाला हे साल वाचून थबकल्यावाचून राहवणार नाही. प्लेगचे साल, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली ते साल. आणि कादंबरी संपते १५ ऑगस्ट १९४५ला, जपानच्या शरणागतीच्या बातमीपाशी. कोरियाचा मुक्तिदिनही पंधरा ऑगस्टच.

मग साहजिकच प्रश्न पडतो : आमची ‘तोजी’ कुठे आहे? १८९७ ते १९४७ या पन्नास वर्षांतल्या साध्या मराठी घराची ऐतिहासिक कादंबरी?

मराठी ऐतिहासिक कादंबरी जन्मली तीच मुळी इंग्रजी अमलात. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ची. शिवकाळाकडे पाहणे ही त्या वेळी केवळ रंजनाची बाब नव्हती. वर्तमानाविषयी जे उघड बोलता येत नव्हते, ते भूतकाळाच्या आडून बोलण्याची ती सोय होती. पण स्वातंत्र्यानंतर सोयीची सवय झाली. ‘स्वामी’ (१९६२), ‘श्रीमान योगी’, ‘राऊ’, ‘छावा’ : आमची नजर १८१८च्या अलीकडे सहसा आलीच नाही. आली तेव्हा तिला पुन्हा महापुरुषच दिसला. गाडगीळांच्या ‘दुर्दम्य’मध्ये टिळक, विश्वास पाटलांच्या ‘महानायक’मध्ये (१९९८) सुभाषबाबू. नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’मध्ये (१९९७) थोर नसलेला, थट्टेखोर निवेदक भेटतो, परंतु त्यांच्या दोन्ही बखरींचा प्रवास मराठेशाहीच्या अखेरीपाशी थांबतो. हरिभाऊ आपट्यांनी ‘काळ तर मोठा कठीण आला’मध्ये दुष्काळात होरपळणारी माणसे लिहिली हे खरे, पण तो त्यांचा वर्तमान होता. मागे वळून त्या माणसांकडे पाहण्याचे काम आपण केले नाही.

का केले नाही? मला वाटते, आमच्या ऐतिहासिक कादंबरीला माणूस एक तर वंदनीय लागतो, नाही तर निंदनीय. खडकीच्या कामगाराला या दोहोंत जागा नाही. ऑगस्ट १९४२मध्ये गांधीजींना येरवड्याच्या आगाखान महालात आणून स्थानबद्ध केले. त्याच महिन्याच्या १५ तारखेला महादेवभाई देसाई तिथे वारले. नदीच्या या काठी हे घडत असता त्या काठी माझे आजोबा सरकारी पाळीवर होते. ते देशद्रोही नव्हते; वीरही नव्हते. भोंगा झाला की जात, भोंगा झाला की येत. घरात खाणारी सात तोंडे होती.

या हिशेबात आणखी एक गुंता आहे. १९०५ साली जपानने रशियाला हरवले, तेव्हा आशियाई राष्ट्राने युरोपीय सत्तेला नमवले म्हणून आपल्याकडे मोठा आनंद झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानने कोरियावर संरक्षित राज्याचा करार लादला. एकाच घटनेतून आम्हांला आशा मिळाली आणि कोरियाला जोखड. ‘महानायक’ वाचताना जपान आपल्याला साहाय्यकर्ता म्हणून भेटतो. नायकाच्या बाजूने पाहता ते अपरिहार्यच आहे. पण १९४४च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मदेशातल्या मिचिना इथे दोस्त सैन्याला ज्या वीस कोरियन स्त्रिया सापडल्या, त्यांना जपानी सैन्याच्या ‘सेवे’साठी फसवून तिथवर नेले होते. त्यांच्या बाजूने हे युद्ध कसे दिसत असेल? आणि आजोबांनी मोजलेली काडतुसे? ती जपान्यांवर चालली असतील, कदाचित जपानी गणवेशातल्या एखाद्या कोरियन पोरावर; कदाचित आझाद हिंद सेनेतल्या कुणावर. मोजणाऱ्याला यातले काय ठाऊक असणार? पण कादंबरीकाराला ते ठाऊक असायला हवे. ज्याला निवाडा देता येत नाही असा माणूस हाच तर कादंबरीचा खरा विषय.

वर्गात ऐतिहासिक कादंबरी शिकवताना मी तीस वर्षे पुराव्याचा प्रामाणिकपणा, काळाची भाषा, व्यक्तिरेखेचा तोल असे मुद्दे फळ्यावर लिहीत आले. त्यात एक मुद्दा नेहमी राहून गेला : आपण कोणाचे वंशज आहोत असे सांगायला आपल्याला आवडते, आणि खरोखर कोणाचे आहोत. ज्या समाजाला आपले सारे आजोबा लढ्यात होते असे वाटते, त्याला ‘पाचिंको’ लिहिता येणार नाही. त्याला बक्षीसपात्र निबंध तेवढे लिहिता येतील.

आजोबांची पितळी बिल्ला लावलेली डबापिशवी अजून माझ्या कपाटात आहे. बिल्ल्यावरचा नंबर झिजला आहे, तरी बोट फिरवले की लागतो.