एकच नग करून देता का?

महाळुंग्यात एकच नग करून मागणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात. इथला हिशोब हजारांत चालतो. सकाळच्या पाळीला तळेगाव-चाकण रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर एकमेकांना खेटून उभे असतात. त्या कंटेनरमध्ये एकाच ड्रॉइंगवरून निघालेले, एकाच मापाचे नग खोक्यांमागून खोकी भरलेले असतात. मीही अशाच एका व्हेंडर कंपनीच्या टूलरूममध्ये नोकरीला आहे. दिवसभर आमच्यात मायक्रॉनवरून भांडणं होतात. पाळी संपली की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातो. तिथे पूर्वी आमचा गोठा होता, आता १९६६ सालची स्टँडर्ड हेराल्ड आहे.

तळेगावच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात ती आंब्याखाली कित्येक वर्षं उभी होती. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या पत्नीने ती मला दिली आणि एकच अट घातली : रंग बदलायचा नाही. भंगारवाला त्यांना जास्त पैसे देत होता, हे त्यांनी मला गाडी ट्रकवर चढल्यावर सांगितलं.

हेराल्ड आता चाळिशीच्या आतल्या कुणाला सांगून कळत नाही. अँबॅसेडर आणि फियाट सगळ्यांच्या लक्षात आहेत, ही तिसरी विसरली गेली. मूळची ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आली. आकार इटलीतल्या तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीचा. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ती ‘स्टँडर्ड’ नावाने बनवू लागली. पुढे आपल्याकडच्या कुटुंबांसाठी तिला चार दारं बसवली. तशी हेराल्ड खुद्द इंग्लंडमध्येही निघाली नाही. माझी मात्र दोन दारांचीच.

कंपनीत मी ट्रायम्फचं नाव काढलं की पोरं म्हणतात, “ती तर आपल्या चाकणलाच बनते की!” त्यांचंही खरं आहे. २०२३ पासून बजाज चाकणला ट्रायम्फच्या मोटारसायकली बनवतं. पण मोटारीची आणि मोटारसायकलची ट्रायम्फ १९३६ सालीच वेगळ्या झाल्या. माझ्या गाडीचा आणि त्या पोरांच्या स्पीड ४०० चा एकही बोल्ट एकमेकांना लागत नाही.

या गाडीचा खरा मजेशीर भाग तिच्या खाली आहे. पन्नाशीच्या दशकात जग चॅसिस सोडून एकसंध बॉडीकडे निघालं होतं. पण बॉडी दाबून देणारा मोठा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या हातात गेला आणि ट्रायम्फला एकसंध बॉडी करून देणारं कुणी उरलं नाही. म्हणून त्यांनी जुन्याच पद्धतीची स्वतंत्र चॅसिस घेतली आणि बॉडी तुकड्यातुकड्याने बोल्टवर बसवली. नाइलाजाने केलेली ही गोष्ट पुढे फार कामाला आली. १९६२ साली हीच चॅसिस साडेआठ इंच आखूड करून तिच्यावर दोन माणसांची उघडी स्पिटफायर उभी राहिली. ती १९८० पर्यंत निघत होती आणि ३ लाखांहून जास्त विकली गेली. म्हणजे माझ्या शेडमध्ये स्पोर्ट्स कार नसली, तरी स्पोर्ट्स कारची थोरली बहीण आहे. धाकटीवर जीव टाकणारे हजारो लोक जगभर आहेत, म्हणून थोरलीचे सुटे भाग आजही मिळतात. विलायतेहून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पाकिटांवर ‘स्पिटफायर’ असंच लिहिलेलं असतं.

बॉडी बोल्टवर असल्याने घरच्या घरी उतरवता येते. मधला भाग उचलायला शेजारची चार माणसं आणि दोन बांबू पुरले. खाली चॅसिसचे मधले दोन मुख्य दांडे ठणठणीत होते, पण बाजूला निघालेल्या पत्र्याच्या हातांमध्ये स्क्रूड्रायव्हर सरळ आत जात होता. ते कापून काढले, पुठ्ठ्याचे फर्मे केले आणि २ मिलिमीटरच्या पत्र्यातून लेझरवर कापून आणले. लेझरवाला ओळखीचा. तोही म्हणाला, “दोनशे सेट घेशील तर भाव पडतो.”

मग पान्यांचा प्रश्न. गाडीचे सगळे बोल्ट इंचातले, आणि चाकणच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते मिलिमीटरमधलं. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३ चा पाना बसतो, पण ढिला. जोर लावला की कोपरे झिजतात. माझ्या गाडीवर पन्नासेक वर्षांत किती मिस्त्र्यांनी १३ चा पाना चालवला, ते बोल्टची गोल झालेली डोकी बघून कळत होतं. त्याहून वाईट म्हणजे अडीच सूत बोल्टच्या जागी कुणीतरी एम ८ चे बोल्ट ठोकून बसवले होते. व्यास जवळपास सारखाच, ७.९४ आणि ८. पण एकाला इंचात २४ आटे, तर दुसऱ्याची पिच सव्वा मिलिमीटर. दोन फेऱ्या बोल्ट बरा जातो, मग आतले आटे खातो. इंचातले टॅप, डाय आणि पाने मी पुण्याच्या जुन्या बाजारातून जमवले. नवी पेटी घेण्यापेक्षा तिथला वापरलेला पाना चांगला. त्याचं पोलाद जुनं असतं आणि तोंड फाकलेलं आहे का, हे हातात घेताच कळतं.

आता ट्रनियनबद्दल. इथे जरा थांबतो, कारण हेराल्ड आणि स्पिटफायर दोघींचाही जीव यात आहे. पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खाली आटे पाडून एका पितळी ठोकळ्यात, म्हणजे ट्रनियनमध्ये, बसवलेला असतो. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांमध्येच फिरतो, आणि एका बाजूचे आटे उलटे असतात. लोटसने आपल्या नावाजलेल्या एलानलाही ट्रायम्फचाच हा भाग लावला होता. गाडीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय की इथे गियरचं घट्ट तेल घालायचं. पण मिस्त्रीला जागा दिसली की हात ग्रीसगनकडे जातो. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. वरच्या वर साचतं, वाळतं, आणि खाली शिरलेलं पाणी तिथेच अडकतं. आतला दांडा गंजत जातो. मग एक दिवस गाडी पार्क करताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना, तो तुटतो आणि चाक आडवं पडतं. हळू चाललेली गाडी म्हणून माणूस वाचतो, एवढंच.

माझ्या गाडीचे ट्रनियन खोलले तेव्हा वर ग्रीसचा तपकिरी, मेणासारखा थर होता. तो खरवडल्यावर खाली पाण्याचे दोन थेंब आणि गंजाची भुकटी निघाली. डाव्या दांड्याच्या आट्यांत नखाने जाणवेल असा खड्डा होता. भोसरीत असा दांडा कुणीही करून देईल. मी करवून घेतला नाही. माझी भाची आणि जावई कॉव्हेंट्रीला असतात. दिवाळीला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन आले. माझा नियम साधा आहे : जो भाग तुटल्यावर चाक निखळतं किंवा ब्रेक जातो, तो विकतच घ्यायचा. बाकी सगळं इथेच करायचं.

‘बाकी सगळं’ म्हणजे नेमकी ती एक नगाची अडचण. क्लच पेडलची पिन झिजून अंडाकृती झाली होती. महाळुंग्यातल्या तीन सीएनसीवाल्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, “क्वांटिटी किती?” त्यांचं चुकत नाही. प्रोग्राम, सेटिंग, पहिला नग तपासणं, हे सगळं एका पिनसाठी करायचं तर दिवसाचा हप्ता कुठून निघणार? शेवटी भोसरीच्या एका गल्लीत साधी लेथ चालवणारे काका भेटले. साठी उलटलेली, चष्मा दोऱ्याने गळ्यात.

“कशाची ही?”

“हेराल्डची, काका.”

“बोनेट पुढं पालथं पडतं ती?”

मी मान हलवली. त्यांनी पिन पुसली आणि मधल्या झिजलेल्या भागाकडे बघितलंही नाही. ब्रॅकेटच्या आत दडलेलं, कधीच न घासलेलं टोक शोधून तिथे मायक्रोमीटर लावला. मूळ माप तिथेच मिळतं. आमच्या कंपनीत वातानुकूलित खोलीत मापं घेणारी सीएमएम आहे, पण तिला ड्रॉइंग लागतं. काकांना लागलं नाही. पिन चहा येण्याआधी झाली, २०० रुपये झाले. त्यांचा मुलगा शेजारच्या शेडमध्ये व्हीएमसी चालवतो. तो म्हणाला, “पप्पांची लेथ जागा अडवते.”

मला काळजी त्या लेथची आहे. या पट्ट्यात कौशल्य कमी नाही, यंत्रं तर जर्मनीला लाजवतील अशी आहेत. पण एका नगासाठी चक फिरवणारा माणूस कमी होत चाललाय. जुनी धातूची सळी, एखादा विसरलेला बॉक्स सेक्शन लागला की आम्ही कुदळवाडीला जायचो. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली भंगाराची गोदामं आणि शेड पाडली. त्यात अनधिकृत किती, नदीचं प्रदूषण किती, यावर बोलणारे बोलतीलच. माझ्यासारख्याला मात्र एवढं कळतं की अर्धा फूट फॉस्फर ब्रॉन्झ आता नवीन, पूर्ण लांबीचा घ्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र इथे राहण्यामुळेच सोपी झाली. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला फुगवतं, पेट्रोल पंपाचा पडदा मऊ करतं, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीत पाणी धरतं. पण चाकणच्या रबरवाल्यांना अशा पेट्रोलला टिकणाऱ्या व्हायटनची नळी रोजची. मीटरवर कापून दिली.

टॅपेट लावायचं काम माझ्या मुलीचं. हेराल्डचं बोनेट आख्खं पुढे पालथं होतं, त्यामुळे पुढच्या टायरवर बसून इंजिनवर काम करता येतं. ती तिथे बसते, मी हाताने इंजिन फिरवतो. आठ व्हॉल्व्ह, आणि हिशोब नऊचा : पहिला पूर्ण दाबलेला असेल तर आठवा लावायचा, तिसरा दाबलेला असेल तर सहावा. थंड इंजिनला दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर. फिलर गेज ओढताना किंचित अडखळला पाहिजे. “थांब, आला,” ती म्हणते आणि नट घट्ट करते. गेल्या खेपेला मी तिच्यामागून तपासले, आठही बरोबर होते.

काही मित्र म्हणतात, विंटेजमध्ये नोंदणी कर. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी तशी नोंदवता येते. २०,००० रुपये फी आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कारणांपलीकडे रस्त्यावर काढता येत नाही. मला तिच्यातून आळंदीला जायचंय, चाकणच्या बाजारातून कांदे आणायचेत. म्हणून दर ५ वर्षांनी फिटनेस दाखवून साधीच नोंदणी पुढे नेतो.

तुमच्या ओळखीत कुणाच्या वाड्यात, गोदामात हेराल्ड किंवा तिच्यावरूनच निघालेली गॅझेल उभी असेल तर दोन गोष्टी करा. तिच्या ट्रनियनमध्ये ग्रीस मारू देऊ नका, नव्वद नंबरचं गियर तेल घाला. आणि विकायचीच असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी बोनेट, दारं आणि काचा उतरवून ठेवा. बाकी सगळं करता येतं, हेराल्डची पुढची काच मात्र भोसरीत कुणी करून देत नाही.