विकलेला भाव

2024 च्या पावसाळ्यात तेजस नेटवर्क्सचा शेअर तेराशेच्या वर विकला. त्या संध्याकाळी पारावरचा चहा माझ्याकडून होता. वहीत भाव लाल शाईनं लिहिला आणि तिथंच अडकलो.

विकणं जमतं मला. परत कधी घ्यायचा, हे चाळीस वर्षांत जमलेलं नाही. पुढच्या जानेवारीत भाव हजाराजवळ उतरला. तेराशेला दिलेला माल हजारात मिळतोय, म्हणजे स्वस्तच की! कंपनीकडे पाहिलंच नाही, माझ्या लाल आकड्याकडे पाहिलं आणि गुपचूप घेतला.

टॉवरवरची रेडिओ यंत्रं बनवणाऱ्या तेजससारख्या कंपनीचं पीक एकदोन विहिरींवरच असतं. बीएसएनएलच्या 4जी जाळ्यासाठी टीसीएसकडून 2023 मध्ये आलेली ऑर्डर 7,492 कोटींची. माल जात होता तोवर विक्री फुगली. मग एप्रिल ते जून 2025 मध्ये विक्री 202 कोटी. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत 1,563 होती. तोटा 194 कोटी. विहीर आटत आलीय, हे मोजायचं सोडून मी भाव मोजत बसलो.

श्रीगोंद्यात लिंबाच्या बागांत जन्म गेला, तरी ही गत. हस्त बहारासाठी ताण दिलेलं झाड आणि डिंक्या लागलेलं झाड लांबून सारखंच मलूल दिसतं. बुंध्याशी वाकल्याशिवाय कळत नाही. पण वाकायचं म्हणजे गुडघे दुखतात, आणि मोबाइलवरचा भाव बसल्या जागी दिसतो.

हल्ली वाकतंय कोण? नुसत्या रेघा बघून सल्ले देणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. आमच्याच जिल्ह्यातल्या शेवगावात तर दरमहा परताव्याच्या नादात 2024 मध्ये कितीकांचे पैसे बुडाले. त्यांना मी मोठ्या तोंडानं नावं ठेवली. माझी हाव तेवढी अभ्यासू.

यंदा भाच्यानं डिमॅट उघडलं. "मामा, तेजस आता परत घ्यायचा का?"

मी सुरू झालो : नवी ऑर्डर कुणाची, येणी किती अडकलीत, कर्ज किती वाढलं, ते आधी बघ.

"हजाराला घेतला तेव्हा तुम्ही बघितलं होतं?"

माझ्या खात्याचा पासवर्ड त्यानंच घालून दिला होता, हे विसरलोच होतो.

पारावर मात्र अजून तेराशेचीच गोष्ट चालते. भाचा शेजारी बसला असला, की जरा आवरती घेतो.