अठरावा उंट

सरकारी प्रश्नाचा विशेष असा, की तो सुटत नाही, निकालात निघतो. फाईल वर जाते, खाली येते, तिच्यावर शेरे चढतात, आणि एके दिवशी प्रश्न विचारणारा सेवानिवृत्त होतो किंवा उत्तर देणाऱ्याची बदली होते. असल्या प्रश्नांत ज्याचा दिवस जातो, त्यास रात्री साडेनऊ वाजता कोणी "एका लांब रस्त्यावर ओळीने घरे आहेत" असे सांगू लागले, म्हणजे त्याच्या जिवास केवढा गारवा वाटतो, हे परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस फोड करून सांगावयास नको. त्या घरांस मालक नसतात, वारस नसतात, अतिक्रमणे नसतात. त्यांस फक्त क्रमांक असतात. आणि मुख्य म्हणजे, त्या प्रश्नास उत्तर असते.

आम्हांस हा गारवा गेली सात वर्षे लाभत आहे. आम्ही चौघे स्नेही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणवर्गात मागच्या रांगेत शेजारी शेजारी बसलो, आणि दुपारच्या जेवणानंतरची व्याख्याने वहीच्या शेवटच्या पानावर कोडी घालीत व सोडवीत पार पाडली. पुढे खाती निराळी झाली, गावे निराळी झाली. दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे फारसे काही उरले नाही. मोबाईलने आम्हांस पुन्हा एका रांगेत आणून बसविले. एक गुवाहाटीस, एक चेन्नईस, एक भोपाळास आणि आम्ही भुवनेश्वरास. आईबापांनी दिलेली आडनावे या मंडळात चालत नाहीत. ज्या गावी नेमणूक, ते आडनाव. बदलीचा हुकूम निघाला की बारसे पुन्हा होते. आमच्या भोपाळकरांनी या सात वर्षांत तीन आडनावे लावली, आणि प्रत्येक वेळी नव्या नावाने जुनीच कोडी घातली.

नियम तीनच. रोज एकाने कोडे घालावे. ज्यास ते सुटेल त्याने 'सुटले' एवढा एकच शब्द लिहावा आणि उत्तर दुसऱ्या रात्री सांगावे. तिसरा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, कारण तो लिहावा लागेल असे कोणास वाटलेच नव्हते: कोडे आपल्या डोक्याने सोडवावे.

मंडळाचा आरंभ सतरा उंटांनी झाला. हे कोडे वाचकांनी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलेच असेल. बाप मरताना सतरा उंट ठेवून गेला. थोरल्यास निम्मे, मधल्यास तिसरा हिस्सा, धाकट्यास नववा हिस्सा. उंट कापावयाचा तर नाही. तेव्हा गावातला एक शहाणा आपला उंट घेऊन आला आणि त्याने तो कळपात उभा केला. अठरा उंटांचे नऊ, सहा आणि दोन असे वाटे झाले. त्यांची बेरीज सतरा भरली, आणि शहाणा आपल्या उंटावर बसून घरी गेला. आम्ही "वाहवा" म्हणून मोकळे झालो. गुवाहाटीकर मात्र हिशेबतपासणीच्या खात्यातले. त्यांनी आक्षेप काढला, की दोष मृत्युपत्रातच आहे. निम्मा, तिसरा व नववा मिळून पूर्ण एक होत नाही, सतरा अठरांश होतो. बापाने अठरावा भाग कोणासच दिला नव्हता. तो तिघांत मुरला आणि प्रत्येकास हक्काहून किंचित अधिक मिळाले. "वसुली काढावयाची झाल्यास तिघांवरही निघेल," असा त्यांनी शेरा मारला. त्या रात्री आम्ही चौघेही उशिरापर्यंत जागे होतो, आणि चौघांच्याही घरून त्याबद्दल बोलणी खाल्ली.

मग रोजची सवय जडली. चेन्नईकरांनी एकदा देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांची संख्या आणली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावे, त्यांतून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करावे, आणि बाकीवर पुन्हा तीच क्रिया करावी. फार तर सात वेळा हे केले, की 6174 ही संख्या येऊन ठाकते आणि मग हलत नाही. कापरेकरांस ही गोष्ट 1949 साली आढळली. आमच्या मोटारीचा क्रमांक 3524. त्यातून 3087 आले, त्यातून 8352 आणि त्यातून 6174. चौघांनीही आपापले घरक्रमांक, मोटारींचे क्रमांक, कपाटांचे क्रमांक घासून पाहिले. "सरकार कोठेही बदली करो, अखेर देवळालीसच यावयाचे," असे भोपाळकर म्हणाले. त्यांचे आजोळ नाशकाकडचे आहे. त्या वाक्यानंतर बराच वेळ कोणी काही लिहिले नाही.

गेल्या वर्षी आषाढात गुवाहाटीकरांच्या पत्नी वारल्या. आम्ही तिघांनी फोन केले, जे बोलावयाचे असते ते बोललो. भोपाळकर विमानाने जाऊन दोन दिवस राहून आले. महिनाभर मंडळ बंद राहिले. मग एका रविवारी रात्री साडेनऊ वाजता गुवाहाटीकरांनीच कोडे घातले. ते असे:

एका लांब रस्त्याच्या एका बाजूस घरे आहेत. त्यांचे क्रमांक एक, दोन, तीन असे सरळ चढत गेलेले आहेत. त्यांपैकी एका घराच्या डावीकडील सर्व क्रमांकांची बेरीज उजवीकडील सर्व क्रमांकांच्या बेरजेइतकीच आहे. घरे पन्नासांहून अधिक व पाचशेंहून कमी आहेत. तर ते घर कोणते, आणि घरे किती?

आम्ही कागद घेतला. दहा मिनिटांत आठ घरांचा रस्ता सापडला. त्यात सहावे घर मधले: अलीकडे एक ते पाच यांची बेरीज पंधरा, पलीकडे सात आणि आठ यांचीही पंधरा. परंतु आठ घरे पन्नासांहून अधिक नव्हेत. त्या दिवशी कचेरीत आमचा एक अपमान झाला होता. मन थाऱ्यावर नव्हते. चेन्नईकरांनी लिहिले, "भुवनेश्वरकर आज गप्प का?" त्या एका वाक्याने आमचे डोके फिरले. विचारताक्षणी उत्तर देणारी यंत्रे हल्ली प्रत्येकाच्या खिशात आहेत. आम्ही विचारले, यंत्राने सांगितले, आणि आम्ही 'सुटले' असे लिहिले. एवढ्यावर थांबतो तरी पुष्कळ होते. पण चोरीचा माल अंगावर घालून मिरविण्याची हौस फार वाईट. नियम मोडून आम्ही उत्तरही त्याच रात्री लिहून टाकले: घरे 288, घर 204 वे. चेन्नईकरांनी टाळ्या पाठविल्या, भोपाळकरांनी पगडी पाठविली. गुवाहाटीकरांनी एकच शब्द पाठविला: "रीत?"

"उद्या सांगतो," असे आम्ही लिहिले आणि दिवा मालवला.

उद्या आला, परवा आला. आम्ही रीत सांगितली नाही, आणि गुवाहाटीकरांनी पुन्हा विचारली नाही. मंडळात इतर कोडी चालू राहिली; त्यांतही ते दिसेनात. कामात असतील, अशी आम्ही मनाची समजूत घातली. मन मात्र समजूत घालणाऱ्यास ओळखून होते.

गुरुवारी रात्री त्यांच्याकडून सहा फोटो आले. शिसपेन्सिलीने भरलेले सहा कागद. पहिल्यावर एक, दोन, तीन असे करीत त्यांनी एकेक रस्ता तपासला होता आणि एकोणपन्नास घरांच्या रस्त्यावर पस्तिसावे घर गाठले होते. पन्नासांस एक कमी! त्या कागदावर पेन्सिलीचे टोक मोडल्याची खूण होती. तिसऱ्या कागदावर त्यांच्या ध्यानात आले होते, की मधल्या घराच्या क्रमांकाचा वर्ग करून त्याची आठपट करावी आणि एक मिळवावा, तर पुन्हा पुरा वर्गच येतो. सहाचा वर्ग छत्तीस, त्याची आठपट दोनशे अठ्ठ्याऐंशी, एक मिळविला की सतराचा वर्ग. ही आपल्याकडची जुनी वर्गप्रकृती. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात ती हाताळली आणि भास्कराचार्यांनी 1150 साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात तिची चक्रवाल रीत सांगितली. गुवाहाटीकरांनी हे कोणत्या पुस्तकात पाहिले नव्हते. ते चाचपडत त्या दारापाशी येऊन पोहोचले होते. पाचव्या कागदाच्या कोपऱ्यात हळदीचा डाग होता, आणि त्याच्या खाली सुबक अक्षरांत ओळ होती: 1, 6, 35, 204. प्रत्येक संख्येची सहापट करावी, तिच्या मागली वजा करावी, की पुढली येते.

आम्ही त्यांस फोन केला. आधी इकडचे तिकडचे बोललो. मग सांगितले, की उत्तर आमचे नव्हते.

"ते मला त्याच रात्री कळले," ते म्हणाले. "तुम्हांला सुटले असते, तर तुम्ही रीत आधी सांगितली असती आणि उत्तर मागून."

आम्ही क्षमा मागू लागलो. त्यांनी ती वाटेतच थांबविली. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, हेच अवघड होते. ते म्हणाले, "ही असताना संध्याकाळी मी टेबलाशी बसून कोडे वाचीत असे आणि ती ओट्यापाशी उभी राहून ऐकत असे. तिला गणित येत नव्हते. पण 'मग पुढं?' असे ती विचारी, आणि त्या विचारण्याने मला पुष्कळदा सुटे. आता स्वयंपाक मीच करतो. सात ते दहा हा वेळ जात नाही. हे कोडे मी निवडून काढले होते. चौघांना मिळून चार दिवस पुरेल, असा अंदाज होता."

'चार दिवस पुरेल' हे शब्द त्यांनी डाळतांदळांविषयी बोलावे तसे उच्चारले. आम्हांस काही बोलता येईना. त्यांच्या घरातले चार दिवसांचे आम्ही एका रात्रीत सांडून टाकले होते.

मग त्यांनीच त्या कोड्याची हकीकत सांगितली. 1914 सालच्या डिसेंबरात ते एका इंग्रजी मासिकात आले होते. प्रशांतचंद्र महालनोबीस तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत होते. ते अंक घेऊन रामानुजन यांच्या बिऱ्हाडी गेले. रामानुजन शेगडीवर भाजी परतीत होते. महालनोबिसांनी कोडे वाचून दाखविले. भाजी हलवता हलवता रामानुजन यांनी अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक अशी न संपणारी माळ सांगितली, जिच्यातून या एका रस्त्याचेच नव्हे, तर असल्या सगळ्या रस्त्यांचे उत्तर निघत होते. एक कलकत्त्याचा, एक मद्रासेकडचा. घरापासून दोघेही सारखेच दूर, बाहेर थंडी आणि युद्ध. "मी भाजी परतायला शिकलो," गुवाहाटीकर म्हणाले, "पण वाचून दाखवायला कोणी नाही."

आम्ही विचारले, "पाचशे घरांची अट काढून टाकली, तर पुढचा रस्ता केवढा?"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, "तुम्हीच काढा. मी थांबतो."

फोन कानाशी धरून आम्ही कागद ओढला. 204 ची सहापट 1224; तीतून 35 वजा. आमचे दोनदा चुकले. एकदा 1198 आले, एकदा 1289. ते हसले नाहीत, त्यांनी सांगितलेही नाही. "मग पुढं?" एवढेच म्हणाले. तिसऱ्या खेपेस 1189 आले. घरे किती हे काढावयास आणखी अर्धा तास लागला: 1681. आमच्या सौभाग्यवती दोनदा येऊन डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या खुर्ची ओढून बसल्याच. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. त्या रात्री आमच्या हातून जे सुटले, ते शाळेतल्या मुलासही सुटले असते. परंतु इतके समाधान आम्हांस कित्येक वर्षांत लाभले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळात सारे कबूल केले. भोपाळकरांनी पगडी परत मागितली. चेन्नईकरांनी दोन दिवसांनी खाजगीत कळविले, की त्यांनीही असे दोन-तीनदा केले आहे. तिसरा नियम आता लिहून ठेवला आहे. त्याखाली गुवाहाटीकरांनी चौथा घातला: सुटले तरी घाई करू नये, एखादा अजून वाटेत असेल.

परवा आम्हांस तो उंट पुन्हा आठवला. लहानपणी आम्हांस त्या गोष्टीतला शहाणा आवडे. आता वाटते, की सारे काम त्या उंटाने केले. त्याच्या वाट्यास काही यावयाचे नव्हते आणि कोणाच्या वाट्यास तो जावयाचा नव्हता. वाटणी होईतो तो कळपात उभा राहिला आणि वाटणी झाल्यावर आला तसा परत गेला; पण तेवढ्या वेळात जो भाग जात नव्हता, तो निःशेष गेला. परक्या गावी नेमणुकीवर असलेल्या माणसाच्या दिवसात एक अपुरा अंश रोज शिल्लक राहतो. दिवसातून अर्धा तास कोणीतरी येऊन शेजारी उभे राहिले, तरी त्याचा हिशेब जुळतो.

गुवाहाटीकरांची बदली झाल्याचे कालच कळले. आजपासून ते रांचीकर. हुकूम कळविताना त्यांनी खाली एक ओळ लिहिली होती: "सामान बांधतो आहे. रात्री साडेनऊला कोडे कोणाचे?"

कोडे आमचे आहे. निवडून ठेवले आहे. चार दिवस सहज पुरेल.